मधले जोडपान कोणाचे?

आपल्या महाविद्यालयाचे वार्षिक हातात पडले की मराठी विभागाचा वाचक पहिल्या पानापासून सुरुवात करतो आणि कन्नड विभाग लागला की अंक मिटतो. कन्नड वाचक अंक अर्ध्यातून उघडतो आणि तेथून पुढे जातो. अंक दोघांनीही वाचलेला असतो, पण दोघांनी वाचलेले अंक वेगळे! या दोन अंकांच्या मधोमध जे जोडपान येते, त्यावर स्नेहसंमेलनाची छायाचित्रे असतात. पाहुण्यांच्या हाती पुष्पगुच्छ, समईची ज्योत, आणि मागच्या रांगेत ओळखू न येणारे आपण. या जोडपानाचा याहून चांगला उपयोग करता येईल आणि तो संगीताच्या मासिकांकडून शिकता येईल, असे मला वाटते.

जोडपान म्हणजे समोरासमोर उघडणारी दोन पाने. डावे सम आकड्याचे, उजवे विषम. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हा प्रकार खतावणीमुळे ठाऊक असतो. बाजू दोन, खाते एक. मासिकाचा चांगला मांडणीकारही दोन पाने सुटी धरत नाही. अमेरिकेत १९६७ साली निघालेले 'रोलिंग स्टोन' घ्या किंवा आपल्याकडे १९९३ साली अलाहाबादहून सुरू झालेले 'रॉक स्ट्रीट जर्नल' घ्या. अशा मासिकांच्या मांडणीचे काही संकेत ठरून गेले आहेत. एका पानावर कडेपर्यंत भिडलेले कलावंताचे छायाचित्र, समोर मोठा मथळा, लेखाचे पहिले अक्षर तीनचार ओळींच्या उंचीचे, आणि मजकुरातले एखादे चटकदार वाक्य ठळक टाइपात उचललेले. कलावंताची नजर मजकुराकडे वळलेली असावी, कारण तो पानाबाहेर पाहू लागला की वाचकाचे डोळेही त्याच्यामागून बाहेर जातात. छायाचित्र दोन्ही पानांवर पसरले तरी चेहरा आणि अक्षरे घडीत येऊ द्यायची नाहीत. अंक चाळताना डोळा आधी उजव्या पानावर पडतो, म्हणून जाहिरातदार त्या पानाला जास्त पैसे मोजतो.

आपल्या अभिजात संगीताच्या मासिकांचा संसार वेगळा. हाथरसचे 'संगीत' १९३५ साली निघाले, तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे 'संगीत कला विहार' १९४७ साली. विद्यार्थी अशा मासिकांची वाट पाहतो ती नोटेशनसाठी. पं. भातखंडे यांच्या पद्धतीत मंद्र सप्तकाच्या स्वराखाली टिंब, तार सप्तकाच्या स्वरावर टिंब, कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ असते. त्रितालाच्या १६ मात्रा चार खणांत मांडतात. समेला फुली आणि खालीला शून्य. एक आवर्तन म्हणजे एक ओळ. ती मध्येच मोडली की वाचणाऱ्याचा तालही मोडतो. शिवाय पेटी वाजवणाऱ्याचा एक हात पट्ट्यांवर आणि दुसरा भात्यावर. पान उलटायला तिसरा हात आणायचा कोठून? म्हणून स्थायी आणि अंतरा एका नजरेत, समोरासमोरच्या पानांत बसले तर शिकणाऱ्याची मोठी सोय होते. रॉकच्या मासिकातले जोडपान पाहायचे असते. हे जोडपान समोर ठेवून गायचे असते.

घडीचे महत्त्व मला मात्र मासिकांनी शिकवले नाही, ते सुरतेने शिकवले. माझे घर सुरतेच्या पर्वत पाटिया भागात आहे. वडील खानदेशातून कापडाच्या कामासाठी तेथे गेले, आई अथणीकडची. त्यामुळे घरात मराठी आणि कन्नड, दाराबाहेर गुजराती, आणि शाळा मराठी माध्यमाची. गुजरातीत पाटिया म्हणजे रस्त्याकडेचा फलक, जेथे गाडी थांबते. पर्वत गावाच्या फलकावरून आमच्या वस्तीचे नाव पडले. आज तेथे साड्यांचे गठ्ठे, टेंपो आणि गोदामे यांतून वाट काढावी लागते आणि घराघरात साड्यांचे कॅटलॉग सापडतात. दूरच्या गावचा दुकानदार साडी पाहत नाही; तो कॅटलॉगचे पान पाहतो आणि डिझाइनचा नंबर सांगतो. म्हणून पदर दोन्ही पानांवर पसरला तरी चालतो, पण चेहरा आणि नंबर घडीत जाता कामा नये. एकदा एका कॅटलॉगात नंबरचा शेवटचा आकडा घडीत गेला आणि भलत्याच साड्यांचे गठ्ठे परगावी रवाना झाले. त्या आठवड्यात वडील घरी जेवायला वेळेवर आले नाहीत. मांडणी ही हौसेची बाब आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा आमच्या भागात येऊन जावे.

आता आपल्या अंकाकडे वळू. मधोमध पिना मारलेल्या ६४ पानी अंकात ३२ आणि ३३ ही दोन पाने एकाच कागदावर छापली जातात. बाकी प्रत्येक जोडपानात डावे पान एका कागदावर आणि उजवे दुसऱ्या कागदावर असते; त्यामुळे इकडची ओळ तिकडच्या ओळीला बरोबर मिळेलच याची खात्री नसते. डावीकडून उजवीकडे न तुटता जाणारी ओळ छापायची असेल तर जागा एकच, मधले जोडपान.

माझी सूचना अशी. त्या जोडपानावर दरवर्षी एक सरगमगीत छापावे. सरगमगीतात शब्द नसतात, फक्त स्वर असतात, म्हणून भाषेचा प्रश्नच येत नाही. त्रितालातली पुष्कळ सरगमगीते आणि बंदिशी खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून उठतात. तसे एखादे निवडावे. नऊ ते सोळा या मात्रा डाव्या पानावर देवनागरीत, आणि एक ते आठ उजव्या पानावर कन्नड लिपीत. मुखडा डावीकडून निघेल, घडी ओलांडेल आणि उजव्या पानाच्या पहिल्याच खणात समेवर येईल. त्या समेपर्यंत पोहोचायला मराठी वाचकाला कन्नड अक्षरे वाचावी लागतील. किती? फक्त सात! खाली सातही अक्षरांची जोडी दोन्ही लिपींत दिली की झाले. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लोंबते, कन्नड अक्षर ओळीवर बसते. शिवाय स्वरांच्या खालची टिंबे आणि रेघा आहेतच. तेव्हा दोन ओळींत अंतर थोडे सैल ठेवावे.

आक्षेप येतील. स्नेहसंमेलनाच्या छायाचित्रांचे काय? ती अंकाच्या शेवटी जावीत. तेथेही ती तितकीच प्रेमाने पाहिली जातील. मराठी लेख जास्त आले तर अंकाचा मध्य मराठी विभागातच पडेल, अशीही शंका निघेल. पडू द्या! कन्नड अक्षरे आम्हाला चार पाने आधी भेटली तर काय बिघडले? आणि डावे पान कोणाला, उजवे कोणाला? एक वर्ष असे, दुसऱ्या वर्षी उलट. डाव्याला वाचनात पहिला मान मिळतो, उजव्याला नजरेत. त्यामुळे कोणाचीच बाजू उणी राहत नाही.

या शेवटच्या मुद्द्याला आपल्या भागात वजन आहे. फलकावर कोणती भाषा वर आणि कोणती खाली, यावरून या सीमाभागात भांडणे झाली आहेत, काचा फुटल्या आहेत. जोडपानात वर आणि खाली नसतेच. असतात फक्त दोन बाजू. गाणाऱ्यांनी हे केव्हाच ओळखले होते. गदगचे भीमसेन जोशी पुण्यात राहिले. त्यांनी मराठी अभंग गायले आणि कन्नड दासपदेही. धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर मिरजेच्या नीलकंठबुवांकडे शिकले. कुमार गंधर्वांचा जन्म बेळगावजवळच्या सुळेभावीचा. या तिघांचे गाणे आपण 'आपले' म्हणून ऐकतो, पण ज्या लिपीत त्यांनी पहिली अक्षरे गिरवली असतील, ती लिपी आपल्यापैकी बहुतेकांना नुसती वेलबुट्टी वाटते. आपले कन्नड मित्र हिंदीमुळे देवनागरी वाचतात. आपल्याला मात्र त्यांचे एक अक्षर येत नाही. हिशेब मांडला तर बाकी आपल्याच नावे निघते.

सात अक्षरांनी ती सारी फिटणार नाही, हे मलाही कळते. पण पहिला हप्ता म्हणून सात अक्षरे काही कमी नाहीत, आणि त्यासाठी अंकाचे एक पानही वाढवावे लागत नाही. संपादक मंडळाने आणि दोन्ही विभागांच्या प्राध्यापकांनी पुढील अंकाची मांडणी ठरवताना एकत्र बसून याचा विचार करावा, ही नम्र विनंती.