बॉनेटखालचा घसारा

एरंडोल मागे पडले आणि पारोळा यायच्या आधी जळका वास आला. मी सवयीप्रमाणे तो पुढच्या ट्रकच्या नावावर टाकला. मे महिन्याचे दिवस, सकाळी अकरालाच रस्ता तव्यासारखा तापलेला, धुळ्याला भाचीचा साखरपुडा आणि आम्हाला आधीच उशीर झालेला. मागच्या सीटवर आमची सौ. आणि सात वर्षांची नात. "आबा, तो धूर आपल्याच गाडीचा आहे," असे नातीने सांगितले, तेव्हा कुठे मी गाडी कडेला घेतली.

उतरून बॉनेटला हात घालणार, तोच मागून येणारा केळीचा ट्रक थांबला. "काय व्हयनं आबा?" म्हणत चालकाने माझे मनगटच धरले. इंजिन बंद करा, बाई नि पोरगी वीस पावले लांब निंबाखाली न्या, आणि बॉनेट लगेच उघडू नका. एकदम वारा मिळाला की धुमसणारे पेटते आणि भडका तोंडावर येतो. ज्वाळा दिसल्या असत्या तर आपणही लांबच उभे राहायचे, गाडी जाऊ द्यायची, हेही त्याने बजावले. धूर विरळ झाल्यावर त्याने बोटभर फट करून आत पाहिले, मग बॉनेट उचलले आणि टॉमीने एक काळा, धुमसता चिंधोटा ओढून बाहेर फेकला. पायाने त्यावर माती लोटली. तो आमच्या बॉनेटचा नमदा होता.

बॉनेट उघडल्यावर त्याच्या पोटाला चिकटलेली काळी गादी दिसते, तोच हा नमदा. दाबून बसवलेले लोकरीसारखे किंवा काचेचे तंतू आणि वर पातळ काळे कापड, एवढाच ऐवज. इंजिनाचा आवाज तो पितो, डिझेल गाडीत तर विशेषच. आणि खालची धग पत्र्याला व रंगाला थेट लागू देत नाही. वर्षानुवर्षे तापून कापड विटते, क्लिपा ठिसूळ होतात, तेलाची वाफ आणि धूळ तंतूंत मुरते आणि मधोमध गादीला झोळ पडतो. इंजिनाचा मॅनिफोल्ड कित्येक शे अंशांपर्यंत तापत असतो. तेल प्यालेला तंतू त्यावर जाऊन टेकला की पुढचे सांगायला नको.

आता कबुली. गेल्या दिवाळीच्या सर्व्हिसिंगलाच मिस्त्री म्हणाला होता, "साहेब, एकतर काढून टाका, नाहीतर नवा लावा. असा लोंबता ठेवू नका." मी मान डोलावली आणि नवी सीटकव्हरे घेतली. तीस वर्षे बँकेत कर्जाच्या गाड्या तपासल्या. नंबरप्लेट, चॅसिस नंबर, विम्याची तारीख आणि खाली सही. बॉनेट उघडायचे ते चॅसिस नंबर ताडून बघायला. आयकराच्या हिशेबात मोटारीला सालाला पंधरा टक्के घसारा. तो कागदावर बिनचूक लिहिला की गाडी आपोआप म्हातारी होते, असा आम्हा बँकवाल्यांचा समज. खरा घसारा असा तंतूतंतूने गळत असतो आणि तो कुठल्याच खात्यात दिसत नाही.

खरे तर उष्णता कशी अडवावी हे खानदेशाला कोणी शिकवायला नको. आमचे धाब्याचे घर होते. छपरावर मातीचा जाड थर. जळगाव-भुसावळकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकला तरी दुपारी आत झोप लागायची. पण आजी दरवर्षी मृगाआधी गड्याला वर चढवून नवी खारी माती टाकून घ्यायची, आणि स्वतः खाली उभी राहून कुठे भेग आहे ते सांगायची. थर झिजतो हे तिने गृहीतच धरले होते. आम्ही मोटार घेतली आणि हे विसरलो. कंपनीने लावले म्हणजे जन्मभराचे!

पारोळ्याला वायरी आणि होस तपासून घेतले, त्यात तास गेला. नंतर जळगावला मी हा विषय जरा हट्टानेच धरला, आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. एकाने थर्माकोल चिकटवायला सांगितले. ते थोड्याशा तापानेच आक्रसून वितळते. एकाने गोणपाट, दुसऱ्याने जुनी वाकळ. म्हणजे पेटायचे सामान आपल्याच हाताने भरायचे. गळक्या पत्र्यावर लावतात ती चंदेरी पट्टी स्वस्त पडते, पण तिच्यामागे डांबर असेल तर ते उन्हाळ्यात पातळ होऊन सुटते. मग सरळ काढूनच का टाकू नये? काढला तर गाडी बंद पडत नाही, हे खरे. फाटका ठेवण्यापेक्षा तर नक्कीच बरे. पण आवाज वाढतो, आमच्या उन्हात बॉनेटचा रंग वरून नि खालून दोन्हीकडून भाजतो, आणि 'नंतर बघू' म्हणून काढलेली वस्तू नंतर कोणी बघत नाही. माझे मत नवा लावावा असेच आहे. तोही त्या गाडीसाठी बनलेला. निदान आगीला न धरणारा, वजनाला हलका आणि क्लिपांनी धरलेला, नुसता डिंकावर सोडलेला नव्हे. जुना काढताना तोंडाला फडके आणि हातात मोजे हवेत. काचेचे तंतू दोन दिवस खाजवतात. सौ.ने मला त्या दोन दिवसांत गादीवर झोपू दिले नाही.

जुना नमदा पूर्ण काढला तेव्हा कोपऱ्यात उंदराचे घरटे निघाले, त्याच्याच तंतूंचे विणलेले. शेजारच्या दोन वायरींचे वेष्टणही कुरतडलेले. गाडी आठवडा-आठवडा उभी राहणाऱ्यांनी हे विशेष पाहावे.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. २०२१ साली मोडीचे धोरण आले तेव्हापासून घरात मुलगा अधूनमधून विचारतो, "ठेवायची कशाला?" धुराच्या बाबतीत त्याचे म्हणणे मला खोडता येत नाही. पण गाडी ठेवायची की मोडीत द्यायची हा एक निर्णय झाला आणि ठेवून तिच्याकडे बघायचे नाही ही दुसरीच गोष्ट. मी हा दुसरा प्रकार करत होतो, आणि मागच्या सीटवर नात होती.

नवा नमदा बसवला. दहा भोकांपैकी नऊ क्लिपा बसल्या. दहावी मागवली आहे, असे दुकानदार तेव्हापासून सांगतो आहे. दर रविवारी बॉनेट उघडून मी त्या कोपऱ्याला बोट लावून बघतो.