प्रोफेसर नाक्यावर उभा आहे

गोदीच्या गेटवर हजेरीला उभं राहिल्याशिवाय कळत नाही, रोज स्वतःला विकायचं म्हणजे काय. मुकादम बोट दाखवील तो आत, उरलेले घरी. आता तोच नाका कॉलेजच्या गेटवर आलाय. तासिका तत्त्व म्हणतात त्याला. शिकवला तास, तेवढाच पैसा. तोही महिनोन्‌महिने थकलेला. मे महिना कोरडा. आणि त्याला पगार म्हणायचं नाही, मानधन! मान कुठला नि धन कुठलं.

आमच्या वस्तीतले एक सर. नेट पास, पीएच.डी. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्यात, मधे लोकलच्या दारात लटकणं. जूनमध्ये परत मुलाखत, परत हात जोडणं. पूर्वी संध्याकाळी आपल्या पोरांना फुकट शिकवायचे. हल्ली पैसेवाल्यांच्या शिकवण्या घेतात. मी चिडून बोललो, सर, समाजाचं काय? म्हणाले, घरभाडं थकलंय बाबा. माझी बोलती बंद.

च्यायला, बांधिलकी काय हवेवर जगते? पुढच्या पिढीचा विचार त्यानं करायचा, ज्याला स्वतःचा पुढचा जून माहीत नाही?

बाबासाहेब १९१८ साली सिडनहॅममध्ये प्रोफेसर झाले. महिना ४५० रुपये. पाण्याच्या भांड्यावरनं तिथल्या प्रोफेसरांनी कटकट केली. पण पगार होता. त्यातनं साठवलं, शाहू महाराजांचा हात मिळाला, आणि १९२० साली ते परत लंडनला गेले. १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज उभं राहिलं ते असल्या शिक्षणावर. तासावर राबणारा मास्तर काय साठवील?

गोदीत १९४८ चा कायदा आला, मुंबईत १९५१ ची योजना. बोट नसली तरी नोंदलेल्या गड्याला हजेरीचे पैसे. आमच्या बापांनी भांडून घेतलं ते. (आम्ही पोरं पुन्हा कंत्राटावर, तो वेगळा लेख.) प्रोफेसरांसाठीही यूजीसीचा २०१८ चा नियम आहेच: कंत्राटी शिक्षक १० टक्क्यांवर नकोत. तुमच्या कॉलेजात जाऊन मोजा. कायम जागा भरलीच नाही की बिंदुनामावलीतली आपली जागाही कागदावरच कुजते.

आणि तुम्ही, सातव्या आयोगवाले कायम प्रोफेसर! त्यात काही आपलेच. आमच्या दुःखावर सेमिनार भरवता, नि स्टाफरूममधल्या तासिकावाल्याला चहा विचारत नाही. त्याचं रजिस्टर वेगळं. माठ वेगळा असायचा, तसं. त्याच्यासाठी एक दिवस, फक्त एक दिवस, पेपर तपासणं बंद ठेवता का? बोला. आम्ही गोदीवाले सकाळची पाळी बुडवून तुमच्या गेटवर येतो.