पाटी बदलली, डबे कोणाचे?

२५ मे २०२५ रोजी पहाटे इंग्लंडच्या दक्षिण भागातील वोकिंग स्थानकातून एक गाडी सुटली. साउथ वेस्टर्न रेल्वे ही प्रादेशिक सेवा त्याच दिवशी खाजगी कंपनीच्या हातून सरकारच्या हाती आली होती, आणि सरकारी अमलाखालची ती पहिली गाडी होती. दैवदुर्विलास असा की, मार्गाच्या दुरुस्तीमुळे लंडनच्या वॉटर्लू स्थानकापर्यंतचा काही प्रवास उतारूंना बसने करावा लागला. तेथील वृत्तपत्रांना थट्टेला आयताच विषय मिळाला. परंतु त्या थट्टेच्या गदारोळात एक अधिक महत्त्वाचा प्रश्न बाजूला पडला. गाडी चालवणारी कंपनी सरकारी झाली. पण ज्या डब्यांत उतारू बसतात, ते डबे कोणाचे झाले?

ते ज्यांचे होते त्यांचेच राहिले. मजूर पक्षाच्या सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये कायदा संमत करून घेतला, त्यानुसार २०२५ मध्ये साउथ वेस्टर्नपाठोपाठ सी-टू-सी आणि ग्रेटर अँग्लिया या सेवाही ताब्यात घेतल्या, आणि उरलेल्या कंपन्यांचे मक्तेही क्रमाने संपवण्याचे ठरवले. मात्र डबे भाड्याने देणाऱ्या कंपन्यांना हात लावायचा नाही, हे या पक्षाने निवडणुकीपूर्वीच सांगून टाकले होते. म्हणजे घरात नवे कूळ आले, दारावरची पाटी बदलली, घरमालक मात्र पूर्वीचाच आहे. या व्यवस्थेत उतारूचे नेमके काय होते, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

जॉन मेजर यांच्या हुजूर पक्षाच्या सरकारने १९९३ मध्ये रेल्वे कायदा केला आणि ब्रिटिश रेल या एकसंध संस्थेची फोड केली. रूळ, सिग्नल आणि स्थानके एका कंपनीकडे गेली. गाड्या चालवण्याचे काम २५ कंपन्यांना ठराविक मुदतीच्या मक्त्याने देण्यात आले. आणि उतारूंचे सुमारे ११ हजार डबे एंजल, एव्हरशॉल्ट व पोर्टरब्रुक या तीन कंपन्यांच्या मालकीचे झाले. या तिसऱ्या फोडीमागे तर्क होता, तो नाकारण्याचे कारण नाही. रेल्वेचा डबा तीस-चाळीस वर्षे टिकतो. मक्ता सात-आठ वर्षांचा असतो. सात वर्षांनी जो जाणार, तो चाळीस वर्षांची वस्तू विकत का घेईल? तेव्हा दीर्घायुषी वस्तूची मालकी एकाकडे आणि अल्पकाळचा वापर दुसऱ्याकडे, ही विभागणी कागदावर निर्दोष दिसत होती.

पहिला धक्का विक्रीतच बसला. पोर्टरब्रुक कंपनी सरकारने १९९६ च्या आरंभी ५२.८ कोटी पौंडांना विकली. त्याच वर्षी ती स्टेजकोच या बसकंपनीने ८२.५ कोटींना घेतली. काही महिन्यांत जवळजवळ ३० कोटी पौंडांचा फरक पडला, आणि त्या काळात डब्यांना रंगाचा नवा हातही कोणी दिला असेल असे वाटत नाही! सार्वजनिक मालमत्ता घाईने विकली की काय होते, याची उदाहरणे इतरत्रही आहेत. ते प्रकरण येथेच सोडून दिलेले बरे. कारण उतारूच्या दृष्टीने खरा प्रश्न किमतीचा नव्हता, वाटपाचा होता.

एकसंध रेल्वेमध्ये डब्यांचे वाटप हे एक रोजचे, कंटाळवाणे, पण अत्यंत महत्त्वाचे काम असते. नव्या गाड्या मुख्य मार्गावर येतात, तेथल्या निघालेल्या गाड्या दुय्यम मार्गावर जातात, आणि तेथील जीर्ण गाड्या मोडीत निघतात. थोरल्याचा सदरा धाकट्याला, तसा हा क्रम असतो. धाकट्याला नवा सदरा कधीच मिळत नाही हे खरे, पण कोणाला केव्हा काय द्यायचे हे ठरवणारी एक आई घरात असते. १९९६ नंतर ब्रिटनमध्ये सदरे उरले, भावंडेही उरली. ठरवणारे मात्र कोणी उरले नाही. ते काम भाडेपट्ट्याच्या तारखांकडे गेले.

२०१४ मधील एक प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. मँचेस्टर, लीड्स, हल ही उत्तर इंग्लंडातील औद्योगिक शहरे जोडणाऱ्या ट्रान्सपेनाइन एक्सप्रेस सेवेकडे पोर्टरब्रुकच्या मालकीचे दोन-दोन डब्यांचे नऊ संच भाड्याने होते. त्या मार्गावर सकाळ-संध्याकाळ उभ्याने प्रवास करणाऱ्यांची दाटी ही जुनी तक्रार होती. पण ट्रान्सपेनाइनचा मक्ता संपत आला होता, आणि उद्या आपण असू की नाही याची खात्री नसलेली कंपनी लांब मुदतीचा भाडेपट्टा करू शकत नव्हती. उलट लंडनहून बर्मिंगहॅमकडे जाणाऱ्या चिल्टर्न रेल्वेचा मक्ता आणखी काही वर्षांचा होता, आणि तिला ऑक्सफर्डच्या नव्या सेवेसाठी गाड्या हव्या होत्या. घरमालकाने स्थिर भाडेकरू निवडला. नऊही संच उत्तरेकडून दक्षिणेकडे गेले. संसदेत ओरड झाली, चौकश्या झाल्या, उत्तरेसाठी इकडून-तिकडून जुळवाजुळव करण्यात आली.

या साऱ्या प्रकारात दुष्ट असे कोणी नव्हते, हे लक्षात घेतले पाहिजे. पोर्टरब्रुकने आपल्या भागधारकांशी इमान राखले. चिल्टर्नने आपल्या उतारूंची सोय पाहिली. ट्रान्सपेनाइनचे हात मक्त्याच्या मुदतीने बांधलेले होते. प्रत्येकाचा निर्णय स्वतंत्रपणे शहाणपणाचा होता, आणि सर्वांचा मिळून परिणाम असा की, जेथे गर्दी होती तेथून गाड्या गेल्या. बाजारपेठ किंमत सांगते, गरज सांगत नाही, हा अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवला जाणारा धडा आहे. लीड्सच्या फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला तो पुस्तकाविना समजला असेल.

तथापि सरकारचा हिशेबही नेहमी माणसांच्या बाजूने असतो असे नाही. १९८४ ते १९८७ या काळात ब्रिटिश रेलने 'पेसर' नावाच्या गाड्या बांधल्या. बसचा सांगाडा चार चाकांच्या, मालडब्याच्या धर्तीच्या गाड्यावर बसवलेला. वळणावर चाके किंचाळत, सांध्यांवर उतारू उसळत. लहान शाखामार्ग बंद करण्यापेक्षा स्वस्तात चालू ठेवणे बरे, या सद्हेतूने केलेली ती तात्पुरती सोय होती. ती पस्तीस वर्षे टिकली. २००४ मध्ये नॉर्दर्न रेल्वेचा मक्ता देताना उतारूंची संख्या वाढणार नाही असे गृहीत धरण्यात आले होते. संख्या वाढली, गाड्या त्याच राहिल्या. पुढे २०१५ मध्ये या गाड्या बदलण्याची अट नव्या मक्त्यात घालण्याचे ठरले, तेव्हा वाहतूक खात्याच्या सचिवांनी आक्षेप घेतला. खर्च आणि लाभ यांच्या गणितात ही अट बसत नव्हती. अखेर मंत्री पॅट्रिक मॅकलॉक्लिन यांनी लेखी आदेश देऊन आपल्या जबाबदारीवर तो निर्णय घेतला. गणित चुकले नव्हते. त्या मार्गांवरचे उतारू कमी उत्पन्नाचे, त्यांच्या वेळेची किंमत कोष्टकात कमी, आणि गाडी नवी आली म्हणून ते अधिक पैसे देणार नव्हते. कोष्टकात काय मोजायचे हे कोष्टकाला ठरवता येत नाही, ते कोणीतरी माणसाने ठरवावे लागते, आणि या प्रसंगी एका हुजूरपक्षीय मंत्र्याने ते ठरवले, ही गोष्ट त्यांच्या खात्यावर जमा धरली पाहिजे. शेवटचे पेसर २०२१ मध्ये निघाले.

एकीकडे पस्तीस वर्षांच्या जुन्या गाड्या, तर दुसरीकडे नव्या गाड्यांना काम नाही, असा विपरीत प्रकारही याच व्यवस्थेने दाखवला. लंडनच्या नैर्ऋत्य उपनगरांसाठी सीमेन्सने बांधलेले पाच-पाच डब्यांचे तीस संच २०१७ मध्ये सेवेत येण्यापूर्वीच त्यांची बोळवण ठरून गेली होती. नव्या मक्तेदाराला दुसऱ्या कारखान्याच्या गाड्या स्वस्त भाड्याने मिळत होत्या. त्या स्वस्त गाड्या २०१९ मध्ये यायच्या, त्यांतील पहिली उतारू घेऊन धावली ती २०२४ च्या जानेवारीत. सीमेन्सचे संच दरम्यान साउथईस्टर्नकडे गेले, म्हणून ते निदान वाया गेले नाहीत. ट्रान्सपेनाइनच्या पाच-पाच डब्यांच्या तेरा नव्या गाड्यांचे नशीब तेवढेही नव्हते. २०१९ मध्ये त्या धावू लागल्या, आणि २०२३ च्या डिसेंबरात त्या काढून घेण्यात आल्या. चार वर्षांचे डबे बाजूच्या रुळांवर उभे राहिले. २०२५ मध्ये त्यांना भाडेकरू मिळाला तो कोण, तर पुन्हा चिल्टर्न!

यातील एक गोष्ट राष्ट्रीयीकरणाच्या समर्थकांना अडचणीची आहे. ट्रान्सपेनाइन सेवा मे २०२३ पासून सरकारच चालवत होते. म्हणजे या नव्या गाड्या सरकारी अमलात सोडून देण्यात आल्या. चालकांच्या प्रशिक्षणाचा बोजा आणि वेळापत्रकातील ओढाताण ही कारणे खोटी नव्हती. पण उत्तरेत गाड्यांची टंचाई असताना त्या डब्यांचा दुसरीकडे उपयोग करण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती. पाटी सरकारी झाली तरी विचार भाडेकरूचाच राहिला.

मालक वेगळा आणि चालवणारा वेगळा, हा संसार आपल्याकडेही अपरिचित नाही. वऱ्हाडातील मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी 'शकुंतला' स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके याच प्रकारची होती. लोहमार्ग किलिक निक्सनने स्थापलेल्या कंपनीचा आणि गाडी मध्य रेल्वेची. अशा संसारात छप्पर गळू लागले की दोघेही एकमेकांकडे पाहतात. पुढे जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने १५१ खाजगी गाड्यांची योजना मांडली. गाड्यांचे संच खाजगी कंपन्यांनी आणायचे आणि करार ३५ वर्षांचा. २०२१ मध्ये निविदा उघडल्या तेव्हा पुढे आलेल्या दोघांपैकी एक तर रेल्वेचीच कंपनी होती, आणि योजना बारगळली. कंपनी मध्येच निघून गेली तर तिचे डबे कोणत्या मार्गावर राहतील, या मुद्द्याची त्या वेळी व्हावी तितकी चर्चा झाली नाही.

जर्मनीत मात्र या प्रश्नाचे एक व्यवहारी उत्तर सापडले आहे. तेथे १९९६ पासून प्रादेशिक रेल्वेसेवा ही राज्यांची जबाबदारी आहे, आणि सेवा चालवण्यासाठी निविदा निघतात. लोअर सॅक्सनी राज्याने स्वतःच्या मालकीचा डब्यांचा साठा उभा केला. जो मक्तेदार येईल त्याने ते डबे वापरावेत आणि जाताना ठेवून जावेत. र्‍हाइन-र्‍हूर भागातील जलद गाड्यांसाठी तेथील सार्वजनिक वाहतूक संस्थांनी सीमेन्सचे ८२ संच घेतले आणि त्यांची देखभालही सीमेन्सवरच सोपवली. या व्यवस्थेची कसोटी लौकरच लागली. त्यांतील काही मार्ग चालवणारी अबेलिओ ही कंपनी डबघाईला आली आणि २०२२ च्या जानेवारीअखेर बाहेर पडली. १ फेब्रुवारीपासून नॅशनल एक्सप्रेस या दुसऱ्या कंपनीने काम हाती घेतले. धावपळ झाली, चालकांची चणचण भासली. पण त्या मार्गांवरचे डबे कोणी ओढून नेले नाहीत, कारण ते जाणाऱ्या कंपनीचे नव्हतेच.

इंग्लंडलाही यासाठी जर्मनीकडे पाहण्याची गरज नाही. लिव्हरपूल परिसरातील मर्सीरेल ही सेवा खाजगी कंपनी चालवते. तेथील प्रादेशिक प्राधिकरणाने जुन्या गाड्यांच्या जागी नव्या गाड्या आणताना भाडेपट्ट्याचा मार्ग सोडला आणि ४६ कोटी पौंडांचा प्रकल्प हाती घेऊन त्या स्वतःच विकत घेतल्या. २०२३ पासून त्या धावत आहेत. उद्या चालवणारी कंपनी बदलली तरी लिव्हरपूलच्या गाड्या लिव्हरपूलमध्येच राहतील.

भाड्याच्या कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांनी गेल्या तीस वर्षांत नव्या गाड्यांत मोठे भांडवल घातले, आणि जे भांडवल सरकारी तिजोरीतून आले असते ते कर्जाच्या आकड्यात दिसले नाही, याचा फायदा दोन्ही पक्षांच्या अर्थमंत्र्यांनी घेतला. गाडी रिकामी राहण्याचा धोका आम्ही पत्करतो, म्हणून भाडे जास्त, हे त्यांचे म्हणणे पूर्वी काही अंशी खरेही होते. परंतु २०२० च्या साथीनंतर तिकिटांच्या उत्पन्नातील तुटीचा भार सरकारने उचलला, मक्तेदार केवळ मेहनतान्यावर काम करू लागले, आणि भाडे मात्र ठरल्या वेळी मिळत राहिले. २०२२-२३ या वर्षात या कंपन्यांनी ४० कोटी पौंडांहून अधिक लाभांश वाटला. धोका कमी झाला असेल, तर धोक्याचा मोबदलाही कमी व्हायला हवा होता.

सगळे डबे आजच विकत घ्यावेत, असे कोणी जबाबदार माणूस म्हणणार नाही. तेवढा पैसा ब्रिटिश तिजोरीत नाही, आणि पेसरसारख्या गाड्या मोडीत काढताना मालक नसण्यातही सुख असते. परंतु वाटाघाटीचे पारडे आता फिरले आहे. पूर्वी या कंपन्यांसमोर पंचवीस भाडेकरू होते, एकाने नाही म्हटले तर दुसऱ्याकडे जाता येई. इंग्लंडमधील मक्ते संपत जातील तसतसे त्यांना सरकार हे जवळजवळ एकच मोठे गिऱ्हाईक उरेल. ब्रिटनचे पूल आणि बोगदे जुन्या मापाचे, म्हणून तेथील डबे अंगाने लहान; ते युरोपात नेऊन भाड्याने लावणेही सोपे नाही. अशा स्थितीत प्रत्येक भाडेपट्टा संपताना सरकारने दोन गोष्टी पदरात पाडून घ्याव्यात: डबे आपल्याला वाटेल त्या मार्गावर हलवण्याचा अधिकार, आणि मुदत संपल्यावर ठरलेल्या किमतीला ते विकत घेण्याचा पहिला हक्क. नव्या गाड्यांची मागणी नोंदवताना मात्र लिव्हरपूलचा कित्ता सरळ गिरवावा.