हाक पोहोचली पाहिजे

सह्याद्रीच्या डोंगरवस्तीत एका टेकाडावरून दुसऱ्या टेकाडावर हाळी घालण्याची जुनी रीत आहे. गुरे वळणारा गुराखी दोन्ही हात तोंडाशी धरून लांब स्वरात हाक देतो आणि पलीकडून उत्तर आले म्हणजे निश्चिंत होतो. मुलांनो, या साध्या व्यवहारात संपर्काचे सारे मर्म आहे. हाक देणारा हवा, ती ऐकणारा हवा आणि 'ऐकले' असे सांगणारे उत्तरही हवे.

आज आपल्या हाती भ्रमणध्वनी आला आहे. त्यामुळे आपण साऱ्या जगाशी जोडलेले आहोत, असे आपणांस वाटते. वस्तुतः त्या यंत्राची हाक जवळच्या मनोऱ्यापर्यंतच जाते. पुढे तिला वाहून नेण्याचे काम मनोरा करतो. मध्ये डोंगर आडवा आला किंवा नौका किनाऱ्यापासून दूर गेली, की ते यंत्र मुके होते. जेथे वस्ती विरळ तेथे मनोरेही विरळ. आणि संकटाचे भय तर अशाच ठिकाणी अधिक! ही उणीव भरून काढण्यासाठी मनुष्याने आकाशात मनोरे उभारले. तेच उपग्रह होत. काही उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात व पृथ्वीवरून पाहता एकाच जागी स्थिर भासतात. काही त्यामानाने फार खालून फिरतात. इरिडियम या योजनेत ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती घिरट्या घालतात, आणि त्यामुळे ध्रुवप्रदेशातूनही बोलता येते.

या साधनांचे मोल किती, हे १९८२ साली दिसून आले. त्या वर्षी सप्टेंबर महिन्यात कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या डोंगराळ प्रदेशात एक लहान विमान कोसळले. त्यातील संकटसूचक यंत्राची हाक सोव्हिएत संघाच्या उपग्रहाने टिपली आणि तिघांचे प्राण वाचले. त्या काळी सोव्हिएत संघ व अमेरिका यांचे हाडवैर होते. तरीही कॅनडा आणि फ्रान्स यांच्यासह या दोन्ही राष्ट्रांनी संकटातील माणसाची हाक ऐकण्यासाठी ही योजना मिळून उभारली होती. आज भारतही तीत सहभागी आहे, आणि आपल्याकडील अशा हाका बंगळूर येथील केंद्रात ऐकल्या जातात.

कोणी म्हणेल, "मग निर्जन स्थळी जाण्यात गोडी ती काय राहिली? अरण्यात जाऊनही कानाशी यंत्रच धरावयाचे, तर घरी बसलेले काय वाईट?" हा आक्षेप अगदीच खोटा नाही. गडाच्या माथ्यावर उभे राहून वाऱ्याचे गाणे ऐकावयाचे सोडून जो यंत्राशीच बोलत बसतो, तो गडावर जाऊनही न गेल्यासारखाच. परंतु हाक देता येणे वेगळे आणि सदासर्वदा बडबडत राहणे वेगळे. घराला दार असते म्हणून कोणी दिवसभर उंबरठ्यावर येरझारा घालीत नाही.

शिवाय दूर जाणारे सारेच काही मौजेसाठी जात नाहीत. कोळी बांधव पोटासाठी समुद्रात जातात. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस 'ओखी' वादळ आले, तेव्हा केरळ व तामिळनाडूच्या कित्येक नौका खोल समुद्रात होत्या. वादळाची वार्ता त्यांना कळविण्यास पुरेसे साधन नव्हते. काही नौका भरकटत आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागल्या व वाचल्या. अनेक कोळी मात्र घरी परतले नाहीत. आपल्या इस्रो या संस्थेने कोळ्यांसाठी एक लहान यंत्र तयार केले आहे. त्याची कळ दाबली की संकटाची वार्ता उपग्रहामार्गे बंगळूरला आणि तेथून तटरक्षक दलाकडे जाते. त्याच्या सुधारलेल्या आवृत्तीत 'तुमची हाक ऐकली' असे उत्तर नौकेवर परत येते. वादळाचा इशाराही देता येतो. गुराख्याच्या हाळीला पलीकडून उत्तर यावे, तसेच हे आहे. माझ्या मते, हौशी प्रवाशाच्या हाती असे साधन पडण्याआधी ते प्रत्येक कोळ्याच्या नौकेवर असले पाहिजे.

आता दुसऱ्या बाजूनेही सावध राहावयास हवे. यंत्र जवळ आहे म्हणून बेफिकीर होणे हा मूर्खपणा होय. विजेचा साठा संपला की यंत्र निरुपयोगी ठरते. खोल घळीत आकाश झाकले गेले की उपग्रहाशी संबंध तुटतो. आपल्या देशात तर उपग्रह-दूरध्वनी सरकारच्या परवानगीवाचून बाळगताही येत नाही. आणि हाक पोहोचली तरी मदत काही क्षणात येत नसते. दोर, कंदील व झोळी घेऊन माणसेच कडा चढून येतात. आपल्या सह्याद्रीत हे काम करणारे स्वयंसेवक स्वतःची कामे टाकून, प्रसंगी भर पावसात व काळोखात धावतात. म्हणून क्षुल्लक कारणासाठी हाक देणे, किंवा धाडसाच्या हौसेने त्यांचा जीव धोक्यात घालणे, हा अपराधच मानला पाहिजे.

सर्वांत स्वस्त आणि खात्रीचे साधन प्रत्येकाजवळ आहे. निघण्यापूर्वी कोठे जातो, कोणत्या वाटेने जातो आणि केव्हा परतू, हे घरी सांगावे. पायथ्याच्या गावातही सांगून जावे. वाट बदलली तर कळवावे आणि परतल्यावर पोहोचल्याचा निरोप न विसरता द्यावा. ठरल्या वेळी आपण आलो नाही, तर कोठे शोधावे हे निदान कोणास तरी ठाऊक असते.

मुलांनो, आपल्या वाटेकडे डोळे लावून घरी कोणीतरी बसलेले असते. त्याला काळजीत न ठेवणे हे प्रवाशाचे पहिले कर्तव्य आहे. उपग्रह आकाशात असोत वा नसोत, ते आपण आजपासून पाळू शकतो.