वाणी आणि पाणी: नुसती उपमा?

वेदांतल्या वाणीचं आणि पाण्याचं नातं निघालं की काही जणांना लगेच जपानचे मासारू इमोतो आठवतात. गोड शब्द ऐकवले की पाण्याचे स्फटिक देखणे होतात म्हणे, आणि आपल्या ऋषींना हे आधीच ठाऊक होतं! हा दावा विज्ञानाने मान्य केलेला नाही. ऋषींनी तर तो केलेलाच नाही. त्यावर अधिक शाई नको.

दुसरा पक्ष अभ्यासूंचा. नदी वाहते, बोलणंही ओघवतं असतं. कवींना उपमा सुचली, इतकंच, असं ते म्हणतात. शिवाय छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायात उद्दालक ऋषी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, सांगतो की पाण्याचा सूक्ष्म अंश प्राण होतो. वाणी होते ती तेजाची. मग पाण्याचा संबंध उरला कुठे?

आक्षेप वजनदार आहे. पण त्याच उपनिषदाच्या आरंभी रसांची साखळी आहे: पृथ्वी, पाणी, वनस्पती, पुरुष आणि मग वाणी. उद्दालकाचं एक वाक्य धरून ही साखळी पुसता येत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या 125व्या सूक्तात तर वाक्, म्हणजे वाणी, स्वतःच आपलं जन्मस्थान समुद्रातल्या पाण्यात असल्याचं सांगते. निघंटू या वैदिक शब्दकोशाचा क्रमही पाहा: मेघाची नावं, लगेच वाणीची, मग पाण्याची, मग नद्यांची. गडगडाट ही अंतरिक्षातली वाणी. ती बोलते आणि पाऊस पडतो. सातव्या मंडलातले बेडूक वर्षभर पडून राहतात आणि पर्जन्याने जागं केल्यावरच बोलू लागतात. (कुणाला त्या सूक्तात ब्राह्मणांची टिंगल दिसते, मला पावसाची निकड दिसते.)

आणि शतपथ ब्राह्मण या यज्ञविधींच्या ग्रंथाच्या आरंभाचं काय करायचं? व्रत घेणारा आहवनीय आणि गार्हपत्य या अग्नींच्या मध्ये पूर्वेकडे तोंड करून उभा राहतो आणि पाण्याला स्पर्श करतो. कारणही तिथेच दिलं आहे: माणूस खोटं बोलतो म्हणून तो यज्ञाला अपात्र, आणि पाणी पवित्र. मळ अंगाचा नाही, जिभेचा आहे. आपण दिलेले शाप आणि बोललेलं असत्य वाहून न्या, अशी विनवणी ऋग्वेदातही पाण्यालाच आहे.

आजही घरच्या पूजेत यजमान ‘करिष्ये’ म्हणतो आणि पळीभर पाणी हातावरून ताम्हनात सोडतो. नुसत्या बोलण्याने संकल्प पुरा होत नाही. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत गावं दान दिल्याच्या नोंदी आहेत, त्यांतही दान उदक सोडून दिल्याचं लिहिलेलं सापडतं. गावाचा महसूल सोडणारा राजा अलंकाराच्या भरवशावर तो सोडत नसतो.