पाहुण्याचं नाव

जपानीत परक्या शब्दांसाठी काताकाना ही वेगळी अक्षरं असतात. पोर्तुगीजांकडून आपल्याला 'पाव' मिळाला, जपान्यांना 'पान'. हा शब्द जपानी आजही काताकानात लिहितात, म्हणजे पाहुणा शब्द नजरेलाच ओळखू येतो. चिनीत ही सोय नाही. तिथल्या प्रत्येक चिन्हाला उच्चार असतो तसा अर्थही, त्यामुळे नुसता आवाज उतरवायचा म्हटलं तरी अर्थ मागोमाग येतोच. कोका-कोलाचं 'खखौ खला' झालं, त्यात चवदार आणि आनंद हे दोन्ही अर्थ आले. पण सर्वांत हृद्य उदाहरण सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले आणि 'ख तीह्वा' झाले. 'ख' हे तिथलं अस्सल आडनाव. 'ख' आणि 'ती' मिळून 'कोट'च्या आवाजाजवळ जातात. शेवटचं 'ह्वा' मात्र कोटणीस या नावात कुठेच नाही. त्याचा अर्थ चीन, आणि पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांना ते जोडलेलं होतं. १९४२ मध्ये कोटणीस गेले तेव्हा त्यांचा मुलगा काही महिन्यांचा होता. त्याचं नाव यिनह्वा: 'यिन' म्हणजे भारत, आणि पुढे वडिलांचंच 'ह्वा'.