नेस्टोरियसचा खटला आणि चार दिवस

इ.स. 431मध्ये इफिससच्या धर्मपरिषदेने कॉन्स्टँटिनोपलचे बिशप नेस्टोरियस यांना एका दिवसाच्या कामकाजात पदच्युत केले. मरियेला ‘देवमाता’ म्हणण्यापेक्षा ‘ख्रिस्तमाता’ म्हणावे, असे त्यांचे मत होते. देवाला जन्म नाही, मरण नाही. तेव्हा ख्रिस्ताचे देवपण आणि माणूसपण यांची सरमिसळ होऊ नये, ही त्यांची काळजी होती, आणि ती रास्तही होती.

मात्र अलेक्झांड्रियाचे बिशप सिरिल यांचा आक्षेपही तितकाच गंभीर होता. ही दोन्ही फार दूर ठेवली, तर क्रुसावर मेला तो केवळ एक माणूस ठरतो; मग त्याच्या मरणाने तारण कसे होणार? शिवाय ‘देवमाता’ हे संबोधन भाविकांच्या प्रार्थनेत आधीच रुळलेले होते. तत्त्वाच्या प्रश्नात मला सिरिल यांचे पारडे जड वाटते.

खटल्याचे मात्र तसे नाही. सिरिल स्वतः फिर्यादी होते आणि अध्यक्षही. नेस्टोरियस यांची बाजू घेऊ शकणारे अँटिओकचे बिशप जॉन अजून वाटेत होते. 68 बिशपांनी थांबण्याची लेखी विनंती केली, सम्राटाचा प्रतिनिधी कँडिडियन यानेही हरकत घेतली. तरीही 22 जूनला कामकाज उरकले गेले. जॉन पोहोचले 26 जूनला. पुढे सिरिल यांच्याकडून राजदरबारातल्या वजनदार मंडळींना सोने, गालिचे, हस्तिदंती खुर्च्या गेल्या. त्या भेटींची यादी आजही वाचायला मिळते.

दुसरीकडे, परिषदेची ठरलेली तारीख उलटून दोन आठवडे झाले होते, आणि नेस्टोरियस शहरातच असूनही बोलावण्यांना आले नाहीत. मतभेद सहन करणारे म्हणूनही त्यांची ख्याती नव्हती. 428मध्ये पद मिळताच त्यांनी, ख्रिस्ताला पित्याच्या बरोबरीचा देव न मानणाऱ्या एरियनपंथीयांचे प्रार्थनास्थळ पाडायला घेतले होते.

हे सगळे मान्य करूनही, चार दिवस थांबणे अशक्य नव्हते. सिरिल आणि जॉन यांच्यात 433मध्ये झालेल्या समझोत्यात ‘देवमाता’ हे संबोधन राहिले आणि ख्रिस्ताची दोन्ही स्वरूपेही मान्य झाली. नेस्टोरियस यांची हद्दपारी मात्र टळली नाही. इजिप्तच्या वाळवंटात त्यांनी आपली कैफियत लिहिली. ती सिरियाक अनुवादात टिकली आणि 1910 साली छापली गेली. ख्रिस्ताचे दोन तुकडे केल्याचा आरोप ते त्यात ठामपणे नाकारतात. हे म्हणणे ऐकून घेऊनही परिषदेला सिरिल यांचीच शिकवण स्वीकारता आली असती. न ऐकता दिलेली शिक्षा अन्यायाचीच होती.